काय काढायचं नाही, ते आधी ठरवा

प्रश्न : ऐरोलीत आमची १६८ घरांची सोसायटी आहे. नवीन कमिटी आली आणि मी सचिव झालो. व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज वाद चालू असतात. पार्किंग, कुत्री, टँकर, मेंटेनन्स, आणि मधूनमधून फॉरवर्ड. अध्यक्ष म्हणतात ग्रुप बंद करू, नाहीतर फक्त ॲडमिनलाच लिहिता येईल असं सेटिंग करू. खजिनदार म्हणतात दहा कडक नियम टाकू, मोडला की थेट बाहेर. नियम कसे करावेत? आणि कोणी भलतंसलतं टाकलं तर ॲडमिन म्हणून माझ्यावर केस होते का?

उत्तर : ग्रुप बंद करू नका. आम्ही ते करून बघितलंय. मी ठाण्यात कोलशेत रोडला राहते. २१४ घरांच्या आमच्या सोसायटीचा ग्रुप अकरा वर्षं सांभाळतेय, त्यातली पाच वर्षं सचिव म्हणून. २०१९च्या पावसाळ्यात तेव्हाच्या कमिटीने वैतागून ग्रुप ‘फक्त ॲडमिन’वर टाकला. तिसऱ्या दिवशी सभासदांनी आपला वेगळा ग्रुप काढला आणि त्यात कमिटीच्या एकालाही घेतलं नाही. आधी लोक आम्हाला तोंडावर विचारायचे, लिफ्टच्या देखभालीचे पैसे कुठे गेले म्हणून. आम्ही चिडायचो, पण उत्तर तरी द्यायचो. आता प्रश्नही त्यांचेच आणि उत्तरंही त्यांचीच. वार्षिक सभेला माणसं निकाल लावूनच आली. तो गढूळपणा निवळायला दीड वर्ष गेलं.

दहा कडक नियमही नकोत. त्यांची अडचण पुढे सांगते. त्याआधी तुम्ही आणि तुमची कमिटी एक कोरा कागद घेऊन बसा आणि कितीही राग आला तरी ग्रुपवरून काय काढायचं नाही, ते त्यावर लिहा. जवळपास सगळ्या सोसायट्या उलट्या बाजूने सुरुवात करतात, काय चालणार नाही याची यादी करतात. मग ती यादी कमिटीला झोंबणाऱ्या प्रत्येक गोष्टीवर लागू व्हायला लागते. आमच्या कागदावर चार गोष्टी आहेत. कमिटीच्या कामावरची टीका. पैशांबद्दलचा प्रश्न, दहाव्यांदा विचारलेला असला तरी. तक्रार, ती चुकीची निघाली तरी. आणि बहुतेकांना न आवडणारं मत. आमच्याकडे एक गृहस्थ भटक्या कुत्र्यांना गेटबाहेर खायला घालतात आणि एक बाई त्याच्या कडाडून विरोधात आहेत. दोघांचंही लिहिणं राहतं.

हे लिहायला सोपं आहे, पाळायला नाही. २०२३च्या उन्हाळ्यातली गोष्ट सांगते. आमच्याकडे पाणी कमी येत होतं, रोज टँकर मागवत होतो. एका रात्री सी विंगमधल्या एका सभासदांनी लिहिलं, ‘टँकरमागे सचिवांचं कमिशन किती, ते एकदा सांगून टाका.’ सचिव म्हणजे मी. २०२२ पासून ॲडमिनला कोणाचाही मेसेज सगळ्यांसाठी काढून टाकता येतो. माझं बोट त्या मेसेजवर होतं आणि काढण्याचा पर्याय समोर दिसत होता. घरात सगळे म्हणत होते, काढ आणि त्याला बाहेर कर. पण आमच्या कागदावर त्या चार गोष्टींखाली आणखी एक ओळ होती, ज्या मेसेजमध्ये ॲडमिनचं स्वतःचं नाव किंवा काम आहे, त्याला त्या ॲडमिनने हात लावायचा नाही, दुसऱ्याने बघायचं. दुसरे ॲडमिन कमिटीबाहेरचे, शाळेतून निवृत्त झालेले सर. ते म्हणाले, ‘शब्द वाईट आहेत. कमिशनचं वाक्य मागे घ्यायला मी त्यांना सांगतो. पण बिलांचा प्रश्न खरा आहे, तो राहू दे.’ दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहा ते आठ मी तीन महिन्यांच्या बिलांची फाईल सोसायटीच्या ऑफिसात टेबलावर ठेवली आणि या म्हणून ग्रुपवर लिहिलं. सहाजण आले. पावत्या आणि गेटवरची टँकरची नोंदवही शेजारी शेजारी लावली, तेव्हा एकाच दिवसाच्या दोन फेऱ्या दोन वेगवेगळ्या बिलांत लागलेल्या सापडल्या. मी स्वतः सही केलेली बिलं होती ती. टँकरवाल्याने पैसे वळते केले. त्या गृहस्थांनी कमिशनचं वाक्य मागे घेतलं, तेही ग्रुपवरच. मेसेज काढला असता तर ती चूक माझ्याही नजरेत कधी आली नसती.

आता काय काढायचं त्याकडे. इथे माझं मत ठाम आहे. पहिला नियम त्या माणसासाठी करा, जो तुमच्या ग्रुपमध्ये नाही. ग्रुपवरचे सभासद एकमेकांना उत्तर देऊ शकतात, भांडू शकतात, खालच्या मजल्यावर जाऊन दार वाजवू शकतात. जो ग्रुपवर नाहीच, त्याच्याबद्दल लिहिलेलं त्याला कळतही नाही.

आमच्याकडे हा नियम एका कुडीमुळे आला. एका बाईंची सोन्याची कुडी सापडेना. रात्री पावणेअकराला त्यांनी ग्रुपवर कामवाल्या मावशींचा फोटो टाकला, गेटवरच्या नोंदीतला, आणि खाली लिहिलं, ‘हिला कोणी कामावर ठेवू नका.’ अर्ध्या तासात वीसेक जणांनी संमतीचे अंगठे टाकले. दोघांनी ‘आमच्याकडूनही मागे स्टीलचा डबा गेला होता’ असं जोडलं. सकाळी साडेसातला मावशी गेटवर आल्या, तेव्हा वॉचमनने त्यांची पिशवी सगळ्यांसमोर उलटी केली. त्यात पोळीभाजीचा डबा, छत्री आणि मुलीच्या शाळेची फी भरल्याची पावती होती. तीन घरांनी दारातूनच ‘आज नको’ म्हणून सांगितलं. साडेअकराला कुडी वॉशिंग मशीनच्या दाराच्या रबरात सापडली. ग्रुपवर मेसेज आला, ‘मिळाली. सॉरी.’ पुढे हात जोडलेले. पण मावशी ग्रुपवर कुठे होत्या? ती सॉरी ज्यांना मिळाली, त्यांची पिशवी कोणी उलटी केली नव्हती. मावशी पुन्हा आमच्या आवारात कामाला आल्या नाहीत. मी मानपाड्याला त्यांच्या घरी जाऊन आले. त्या एवढंच म्हणाल्या, ‘ताई, फोटो काढला तेव्हा म्हणाले होते पोलिसांच्या नोंदीसाठी आहे.’

मोबाईलमधून मेसेज निघाला, तरी पसरलेली बदनामी परत येत नाही. म्हणून आमचा पहिला नियम असा आहे : जी व्यक्ती या ग्रुपवर नाही, तिचं नाव, फोटो, फोन नंबर किंवा ओळख पटेल अशी कोणतीही खूण आरोपासोबत टाकायची नाही. यात कामवाल्या मावशी येतात, वॉचमन, ड्रायव्हर, सामान पोचवणारी मुलं, भाडेकरू ग्रुपवर नसतील तर भाडेकरू, आणि लहान मुलं. चोरी झाली असेल तर पोलीस ठाण्यात जायचं. ग्रुपवर लिहायचं असेल तर इतकंच : आमची अशी अशी वस्तू हरवली आहे, कोणाला सापडली तर कळवा.

मुलांचं वेगळं सांगते, कारण सीसीटीव्हीमुळे हा प्रकार फार वाढलाय. कोणाच्या तरी गाडीवर ओरखडा उठतो, कमिटीतला कोणीतरी फुटेज काढतो, त्यात बारा-तेरा वर्षांचा मुलगा दिसतो आणि क्लिप थेट ग्रुपवर. संध्याकाळपर्यंत ती मुलाच्या वर्गात पोचलेली असते. आमच्याकडे फुटेज फक्त सचिव आणि संबंधित पालक ऑफिसात बसून बघतात. क्लिप कोणाच्याही फोनवर जात नाही, अध्यक्षांच्याही नाही. सचिव म्हणून हे कुलूप आजच लावा, नियम मंजूर व्हायची वाट बघू नका.

‘पण ते खरं असेल तर?’ हा प्रश्न तुम्हाला पहिल्याच सभेत येईल, म्हणून कायद्याचं थोडं सांगते. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिच्यात बदनामीचं कलम ३५६ आहे, पूर्वी ते ४९९ आणि ५०० होतं. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड, दोन्ही, किंवा समाजसेवा. अनेकांची समजूत असते की गोष्ट खरी असली की बदनामी होत नाही. फौजदारी कायद्यात तसं नाही. खरेपणाचा बचाव घ्यायचा तर गोष्ट खरीही असावी लागते आणि ती सांगणं लोकहिताचंही असावं लागतं. हे लिहिणाऱ्याला लागू आहे, म्हणून सभासदांना ते माहीत असलेलं बरं. धमकीसारखं सांगू नका, माहिती म्हणून सांगा.

थकबाकीदारांची यादी ग्रुपवर टाकायची का, हा याच पोटातला प्रश्न, आणि तुमचे खजिनदार तो काढणारच. माझं उत्तर नाही. थकबाकी हिशेबात असते, वार्षिक सभेत तिच्यावर बोलता येतं, नोटीस देता येते आणि वसुलीसाठी उपनिबंधकांकडे जाता येतं. पूर्वी ते महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम १०१ खाली व्हायचं, आता गृहनिर्माण संस्थांसाठी १५४-ब-२९ आहे. ग्रुपवर नाव टाकून पैसे येतात असं काहीजण सांगतात. आमच्याकडे ज्यांचं नाव एकदा टाकलं गेलं, त्यांच्या नवऱ्याची नोकरी गेली होती आणि घरात ते अजून सासूबाईंना कळलेलं नव्हतं. पैसे त्यांनी पुढे भरले, पण आम्ही त्यांना हात जोडून माफी मागितली तेव्हाही त्या आमच्याकडे बघत नव्हत्या.

आता तुमच्या केसच्या भीतीबद्दल. मार्च २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठासमोर गोंदिया जिल्ह्यातलं एक प्रकरण होतं. ग्रुपवरच्या एकाने एका महिला सदस्याबद्दल घाणेरडी भाषा वापरली आणि ॲडमिनने काही केलं नाही म्हणून ॲडमिनवरही गुन्हा दाखल झाला होता. न्यायालयाने तो रद्द केला. न्यायालयाचं म्हणणं असं की ॲडमिनला माणसं घेता येतात आणि काढता येतात, पण कोण काय लिहिणार हे आधी तपासता येत नाही. म्हणून दोघांचा समान हेतू किंवा आधी ठरवलेला बेत असल्याशिवाय, दुसऱ्याने लिहिलेल्यासाठी ॲडमिनला जबाबदार धरता येत नाही. केरळ उच्च न्यायालयानेही २०२२ मध्ये असाच निकाल दिला. तेव्हा रात्री झोप उडवून घेऊ नका. पण तुम्ही स्वतः काही फॉरवर्ड केलंत, किंवा कोणाच्या घाणेरड्या मजकुराला दुजोरा दिलात, तर ते तुमचंच लिहिणं. आणि कायदा पकडत नाही म्हणून त्या बाईंचा अपमान चालू द्यायचा, असं तर होत नाही ना. तेव्हा तुमचं काम उरतंच.

फॉरवर्डचा नियम मात्र कडक ठेवा, सगळ्यात कडक. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावाने ठेचून मारलं. मुलं पळवणारी टोळी आली आहे, अशी अफवा मोबाईलवर फिरत होती. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने पुढे पाठवलेल्या मेसेजवर ‘फॉरवर्डेड’ अशी खूण लावायला सुरुवात केली आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पाठवण्याची मर्यादा घातली. २०२० पासून फार वेळा फिरलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी जातो. त्यावर दोन बाणांची खूण असते, ती सभासदांना ओळखायला शिकवा. आमचा नियम साधा आहे. दोन बाणांचा मेसेज ग्रुपवर राहत नाही, त्यात काहीही असो. चांगला सल्ला असेल तर स्वतःच्या शब्दांत लिहा, स्वतःच्या नावावर. मूल पळवणं, दंगल, विषारी दूध, दरोडेखोरांची टोळी असलं काही असेल तर ११२ ला फोन करा आणि पोलीस सांगतील ते ग्रुपवर लिहा. बँकेच्या फसवणुकीचं असेल तर १९३०. घोडबंदर रोडला मुलं पळवणाऱ्यांची पांढरी गाडी फिरतेय, असा मेसेज आमच्याकडे दर दोन वर्षांनी येतो. फक्त रस्त्याचं नाव बदलतं. तुमच्याकडे पाम बीच रोड येत असेल.

आता दहा कडक नियमांची अडचण. खजिनदारांच्या यादीत बहुधा असं असेल : सभ्य भाषा वापरावी, कोणाच्या भावना दुखावू नयेत, आक्षेपार्ह मजकूर टाकू नये, ग्रुपची शिस्त पाळावी. यातलं एकही वाक्य ठेवू नका. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-अ आठवतंय का? नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे गेले तेव्हाच्या बंदबद्दल एका मुलीने फेसबुकवर लिहिलं, दुसरीने ते लाईक केलं आणि दोघींना अटक झाली. पालघरला. पालघर तेव्हा आपल्याच ठाणे जिल्ह्यात होतं. २४ मार्च २०१५ ला सर्वोच्च न्यायालयाने ते कलमच रद्द केलं. त्याचं एक मोठं कारण असं की ‘घोर आक्षेपार्ह’, ‘त्रास’, ‘गैरसोय’ या शब्दांना नेमकी हद्दच नव्हती. एकाला जे आक्षेपार्ह वाटेल ते दुसऱ्याला वाटेलच असं नाही, मग ज्याच्या हातात दंडुका त्याचा अर्थ खरा. देशाच्या कायद्यात जे टिकलं नाही, ते आपण सोसायटीच्या ग्रुपवर कशाला लिहायचं?

नियम लिहून झाला की मी एकच परीक्षा घेते. सोसायटीत एकमेकांचं तोंड न बघणारी दोन माणसं शोधायची, ती प्रत्येक सोसायटीत असतातच. त्यांना वेगवेगळं गाठून एक मेसेज दाखवायचा आणि विचारायचं, हा नियमात बसतो का? दोघांचं उत्तर सारखं आलं तर नियम चांगला. ‘सभ्य भाषा’ या परीक्षेत पडते. ‘माणसाला विशेषण लावायचं नाही, कामाला लावा’ हे पास होतं. ‘गच्चीचं वॉटरप्रूफिंग भिकार झालंय’ राहतं. ‘तुम्ही भिकार माणूस आहात’ जातं. यावर दोन वैरीसुद्धा भांडत नाहीत.

आम्हीही चुकलो आहोत. पहिल्या मसुद्यात मी मोठ्या उत्साहाने लिहिलं होतं, ‘ग्रुपवर कोणी कोणाला एकेरीत बोलू नये.’ बाळकुमचे एक काका आमच्याकडे राहतात, मूळचे आगरी. ते वाचून माझ्याकडे आले. म्हणाले, ‘मी माझ्या बापालापण तूच म्हणायचो. तुला तुम्ही म्हणायचं म्हणजे तू परकी झालीस.’ मी ती ओळ तिथेच खोडली. ऐरोलीतही दिवा गावाची, गावठाणातली जुनी घरं तुमच्या आसपास आहेत, काही सभासद तिथलेच असतील. आपल्या घरातली रीत ती सगळ्यांची सभ्यता, असं धरून नियम करू नका.

भाषेबद्दल तुमच्याकडे वाद असणारच, सध्या सगळीकडे आहेत. मला मराठीचा अभिमान आहे आणि तो मी सूचनेत दाखवते. सोसायटीची प्रत्येक सूचना आधी मराठीत, नीट शुद्ध मराठीत, आणि त्याखाली इंग्रजीत. चर्चेत मात्र ज्याला जी जमते ती भाषा. अमुक भाषेतच लिहा, असं ग्रुपवर कोणी कोणाला सांगायचं नाही. आमच्या डी विंगमधल्या मल्याळी बाई आता ‘पाणी आलं का हो’ असं विचारतात. ते सूचना वाचून वाचून आलंय.

सुप्रभात, वाढदिवस, देवांचे फोटो यांवर फार डोकं चालवू नका. त्यांना एक वेगळा ग्रुप काढून द्या, हौसेने चालतो.

त्याहून महत्त्वाची रचना ही की सूचनांचा ग्रुप आणि चर्चेचा ग्रुप वेगळे असावेत. सूचनांच्या ग्रुपवर फक्त ॲडमिन लिहितील, तिथे अध्यक्षांचं सेटिंग योग्य आहे. पाणी बंद, लिफ्ट बंद, सभेची तारीख, एवढंच तिथे. आमच्याकडे महापालिका चोवीस तासांचा शटडाऊन जाहीर करते किंवा गायमुख घाटाच्या दुरुस्तीसाठी घोडबंदरची वाहतूक वळवते, तेव्हा ती एक ओळ चाळीस मेसेजखाली गाडली जाऊन चालत नाही. या ग्रुपवर भाडेकरूंनाही घ्या, नळ त्यांच्याही घरात आहे. आणि या ग्रुपवरून कोणालाही, कधीही, कोणत्याही कारणाने काढायचं नाही. चर्चेच्या ग्रुपवरून एखाद्याला आठवडाभर बाहेर ठेवलंत तरी पाणी कधी येणार हे त्याला कळलंच पाहिजे. तसंच ग्रुपवर टाकलं म्हणजे नोटीस दिली असं समजू नका. सभेची नोटीस उपविधीत, म्हणजे सोसायटीच्या नियमावलीत, सांगितल्याप्रमाणेच द्यायची. आणि तक्रारीचं खरं ठिकाण लेखी अर्ज हे आहे. आदर्श उपविधींप्रमाणे कमिटीने त्यावर आपल्या पुढच्या बैठकीत निर्णय घेऊन त्यानंतर पंधरा दिवसांत सभासदाला कळवायचा असतो. हे अर्ज वेळेत निकाली निघायला लागले की ग्रुपवरची निम्मी आदळआपट आपोआप कमी होते. लोक ग्रुपवर ओरडतात, कारण अर्जाला उत्तर येत नाही.

अंमलबजावणीत सगळ्यात मोठी चूक म्हणजे ग्रुपवर जाहीर झापणं. चारचौघांत बोलल्यावर माणूस मागे हटत नाही. मेसेज काढायचा असेल तर आधी त्याचा स्क्रीनशॉट घेऊन ठेवा, मग काढा आणि ग्रुपवर एकच ओळ लिहा : ‘पहिल्या नियमामुळे काढला आहे. नाव वगळून पुन्हा टाकता येईल.’ त्या माणसाचं नाव घेऊ नका. आणि पाच मिनिटांत त्याला फोन करा. मेसेज नको, फोन. लिहिलेला शब्द कोरडा लागतो, फोनवर आपला आवाज ऐकू जातो. माझा अनुभव असा की ‘काका, तुमचा मुद्दा बरोबर आहे, फक्त त्या मुलाचं नाव काढून टाका’ एवढ्यावर बहुतेक जण ऐकतात. त्यातूनही महिन्यात पुन्हा तेच झालं तर सात दिवस चर्चेच्या ग्रुपबाहेर. व्हॉट्सॲपवर एकट्यादुकट्याचं लिहिणं थांबवता येत नाही, म्हणून काढून सात दिवसांनी परत घ्यावं लागतं. परत घ्यायची तारीख वहीत लिहा आणि त्या दिवशी सकाळी स्वतःहून घ्या, त्याला मागायला लावू नका. कायमचं कोणालाही काढू नका. तो सभासद आहे, जिन्यात भेटणारच.

ही वही ठेवाच. तारीख, कोणता मेसेज, कोणता नियम, कोणी काढला. आमच्याकडे ती ऑफिसात असते आणि कोणताही सभासद बघू शकतो. ॲडमिन तीन ठेवा, त्यात कमिटीतला एकच. एक तरी बाई असू द्या, कारण काही मेसेजबद्दल बायका दुसऱ्या बाईलाच फोन करतात. रात्री दहा ते सकाळी सात चर्चा बंद, तातडीचं सोडून. भांडणं बहुतेक रात्रीचीच असतात.

आणि हे सगळं कमिटीने परस्पर लागू करू नका. मसुदा नोटीस बोर्डावर पंधरा दिवस लावा, सूचना मागवा आणि सर्वसाधारण सभेत ठराव करून घ्या. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायचीच असते, तेव्हाच विषयपत्रिकेवर घाला. या वर्षीची होऊन गेली असेल तर विशेष सभा बोलवा. कमिटीने केलेला नियम पहिल्या भांडणातच ‘तुमचा नियम’ होतो. सभेने केला की कोणालाही माझ्यासुद्धा तोंडावर सांगता येतं, ‘ताई, आपणच हात वर केला होता.’ सहा महिन्यांनी पुन्हा उघडून बघा आणि ज्या नियमाखाली वहीत एकही नोंद नाही, तो काढून टाका. आम्ही नऊ नियमांनी सुरुवात केली होती. आता पाच आहेत.

मसुदा बोर्डावर लावायच्या आधी एक करा. ग्रुपवर नसलेल्या दोन-तीन माणसांना तो वाचून दाखवा. गेटवरचा वॉचमन, एखाद्या कामवाल्या मावशी, एखादा भाडेकरू. आमच्या मसुद्यात आधी फक्त ‘नाव आणि फोटो’ असं होतं. बी विंगमध्ये पोळ्या करायला येणाऱ्या मावशींनी ते ऐकलं, लाटणं तसंच हातात ठेवून जरा विचार केला आणि म्हणाल्या, ‘आणि गेटच्या वहीत आमचा नंबर असतो, त्याचं काय?’ ‘फोन नंबर’ हा शब्द नियमात आला तो त्यांच्यामुळे.